ग्रीक आणि तुर्क: गोष्ट कोणत्या वर्षापासून सांगायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आईवडिलांना घेऊन आधी अथेन्स आणि मग इझमीर, इस्तंबूल केलंत. अथेन्सला बाबांनी 'टर्किश कॉफी' मागितली, तेव्हा वेटरने शांतपणे पण ठामपणे 'ग्रीक कॉफी' अशी दुरुस्ती केली. तिथल्या गाइडने चारशे वर्षांच्या तुर्की गुलामीची गोष्ट सांगितली. चार दिवसांनी इझमीरच्या गाइडने ग्रीक सैन्याने जाळलेल्या गावांची सांगितली. बाबा म्हणाले, "म्हणजे आपलं भारत-पाकिस्तानच." आता तुम्ही विचारताय, की दोघांपैकी खोटं कोण बोलत होतं, आणि बाबांची तुलना कितपत बरोबर आहे.

मी एकोणीस वर्षं या दोन देशांत मराठी ग्रुप घेऊन जाते आहे. इतिहास मी कॉलेजात शिकले नाही. बसमध्ये लोक विचारायचे आणि मला उत्तर देता यायचं नाही, म्हणून वाचू लागले. दोन्हीकडच्या गाइडांशी मैत्री झाल्यावर त्यांच्या घरच्या गोष्टी ऐकल्या. त्या आधारावर सांगते: तुमचे दोन्ही गाइड खरं बोलत होते. त्यांनी गोष्ट वेगवेगळ्या वर्षी सुरू केली, एवढंच. अथेन्सची गोष्ट १४५३ ला सुरू होऊन १८२१ मध्ये उजळते. इझमीरची गोष्ट १५ मे १९१९ ला सुरू होते. मी आता कुठल्याही गाइडचं बोलणं ऐकताना आधी एवढंच बघते, की याने सुरुवात कुठून केली आणि कुठे थांबवली.

पण हे सगळं समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. दोन्ही देश एकमेकांशी लढून जन्माला आले आहेत. ग्रीसचा राष्ट्रीय दिवस २५ मार्च, म्हणजे १८२१ चं ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानांच्या सत्तेविरुद्धचं बंड. तुर्कस्तानचा विजयदिन ३० ऑगस्ट, म्हणजे १९२२ मध्ये दुमलुपिनारला ग्रीक सैन्याचा केलेला पराभव. आपण १५ ऑगस्टला ज्यांच्यापासून स्वतंत्र झालो ते इंग्रज सात समुद्रांपलीकडे निघून गेले. यांचा 'तो दुसरा' खिडकीतून दिसतो. तुर्कस्तानातल्या काश गावाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, की समोर कास्तेलोरिझो हे ग्रीक बेट दिसतं, तुर्की किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवरचं.

बरेच जण याला हजार वर्षांचं धर्मयुद्ध समजतात. मीही सुरुवातीला तसंच सांगायची. ते बरोबर नव्हतं. २९ मे १४५३ ला सुलतान मेहमेद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्याची राजधानी, आजचं इस्तंबूल, आणि ग्रीकांच्या मनात ती जखम आजही आहे. इस्तंबूलला ते अजून नुसतं 'इ पोली' म्हणतात, 'ते शहर'. पण त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत ऑटोमन राज्यात ग्रीक व्यापारी, खलाशी, डॉक्टर, दुभाषे होते. ऑर्थोडॉक्स चर्च हा ग्रीकांचा ख्रिश्चन पंथ; त्याच्या पॅट्रिआर्ककडे, म्हणजे मुख्य धर्मगुरूकडे, आपल्या समाजाचा कारभार होता. इस्तंबूलच्या फनार (आजच्या फेनेर) मोहल्ल्यातली ग्रीक घराणी सुलतानाच्या परराष्ट्र व्यवहारात मोठ्या हुद्द्यांवर होती. ख्रिश्चनांवर वेगळा कर होता, मुलगे उचलून नेऊन सैन्यात घालण्याची देवशिर्मे नावाची पद्धत होती, तेव्हा तो काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. मात्र त्या काळात माणसाची ओळख धर्माने ठरायची, राष्ट्राने नाही. ऑर्थोडॉक्स माणूस स्वतःला 'रूम' म्हणायचा, म्हणजे रोमचा. आपल्या जुन्या बखरींत 'रूमशाम' असा शब्द येतो, त्यातलं रूम म्हणजे हाच मुलूख.

राष्ट्र ही कल्पना आली आणि शेजारी शेजाऱ्याचा शत्रू झाला. १८२१ च्या बंडात ग्रीकांनी त्रिपोलित्सा शहर घेतलं, तेव्हा तिथल्या हजारो मुसलमान आणि ज्यू नागरिकांची कत्तल झाली. त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी पॅट्रिआर्क ग्रेगरी पाचवा याला त्याच्याच निवासस्थानाच्या दरवाजात फाशी दिलं गेलं. तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे. इस्तंबूलच्या फेनेर भागात तो आजही बघता येतो. पुढच्या वर्षी ख्योस बेटावर ऑटोमन सैन्याने हजारोंना मारलं, हजारोंना गुलाम म्हणून विकलं. मुंबईच्या कापूस बाजारात ज्यांचं नाव पुढे मोठं झालं ते रॅली ब्रदर्स मूळचे याच ख्योसचे. १८२७ मध्ये नवारिनोच्या आखातात ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाच्या आरमाराने ऑटोमन-इजिप्शियन आरमार बुडवलं आणि १८३० मध्ये ग्रीसला मान्यता मिळाली.

हा ग्रीस अगदी छोटा होता. जेवढे ग्रीक आत आले त्याहून जास्त बाहेर राहिले. त्यातून 'मेगाली इदेआ' निघाली, महान कल्पना: सगळ्या ग्रीकांचं एक राज्य, आणि कॉन्स्टँटिनोपल त्याची राजधानी. शंभर वर्षं ग्रीक राजकारण या कल्पनेवर चाललं. १८९७ मध्ये ग्रीस हरला, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत जिंकला आणि थेसालोनिकी त्यांच्याकडे आलं. मुस्तफा कमाल, म्हणजे अतातुर्क, याच शहरात १८८१ मध्ये जन्मला. तुर्कांच्या राष्ट्रपित्याचं जन्मघर आज ग्रीसमध्ये आहे.

आता १९१९ ते १९२३. इथे मी बसमध्ये सगळ्यात जास्त वेळ घेते.

पहिल्या महायुद्धात ऑटोमन हरले. दोस्त राष्ट्रांची जहाजं इस्तंबूलमध्ये येऊन ठाकली. १५ मे १९१९ ला ब्रिटनच्या पाठिंब्याने ग्रीक सैन्य स्मर्नामध्ये, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये उतरलं. शहरात ग्रीकांची वस्ती मोठी होती, त्यांनी फुलं उधळली. त्याच दिवशी गोळीबार झाला, तुर्क मारले गेले. चार दिवसांनी, १९ मे रोजी, मुस्तफा कमाल काळ्या समुद्रावरच्या सामसूनला उतरला. तुर्की पोरं शाळेत आपल्या स्वातंत्र्यलढ्याची सुरुवात तिथून शिकतात. १९२० च्या सेव्रच्या तहाने तुर्कांच्या हातात अनातोलियाचा एक तुकडाच उरणार होता. 'आपले तुकडे पाडायला सगळे टपले आहेत' ही भीती तुर्की मनात आजही आहे. तिचं मूळ या तहात आहे, आणि त्या भीतीला कागदोपत्री आधार होता.

(आपल्याकडची खिलाफत चळवळ याच घडामोडींवरून पेटली. तिच्या मध्यवर्ती समितीचं ठाणं मुंबईत होतं. भायखळ्याचं खिलाफत हाउस त्या काळाची खूण.)

ग्रीक सैन्य आत आत शिरत १९२१ च्या उन्हाळ्यात अंकाराच्या ऐंशी-एक किलोमीटर जवळ पोहोचलं. साकार्या नदीवर तीन आठवडे लढाई झाली आणि ते थांबलं. वर्षभराने, २६ ऑगस्ट १९२२ ला तुर्कांनी हल्ला चढवला. चार दिवसांत ग्रीक आघाडी कोसळली. माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने वाटेतली गावं, शहरं पेटवली. मानिसासारखं शहर जळून गेलं. तुमच्या इझमीरच्या गाइडने हेच सांगितलं. हे कुणी रचलेलं नाही. १९२३ च्या लोझान तहाच्या ५९व्या कलमात, युद्धाच्या नियमांविरुद्ध केलेल्या नुकसानीची भरपाई देणं आपलं कर्तव्य आहे, असं ग्रीसने मान्य केलं. ग्रीसची आर्थिक स्थिती पाहून तुर्कस्तानने तो हक्क सोडला.

९ सप्टेंबरला तुर्की सैन्य इझमीरमध्ये आलं. ग्रीकांचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे बिशप, ख्रिसोस्तोमोस जमावाच्या हातून मारला गेला. १३ तारखेला आग लागली. आर्मेनियन आणि ग्रीक मोहल्ले राख झाले, तुर्की मोहल्ला वाचला. आग कुणी लावली याचं उत्तर अथेन्समध्ये एक मिळतं, अंकारात दुसरं. मला स्वतःला, कोणते मोहल्ले जळाले आणि त्या वेळी शहर कुणाच्या ताब्यात होतं हे पाहता, तुर्की बाजूची जबाबदारी टाळता येत नाही असं वाटतं. लाखो माणसं बंदराच्या धक्क्यावर, पाठीशी आग आणि पुढ्यात समुद्र अशी अडकली होती. दोस्त राष्ट्रांची लढाऊ जहाजं समोर नांगरून उभी होती आणि सुरुवातीचे दिवस बघत राहिली. तुम्ही इझमीरला ज्या कोर्दोन रस्त्यावर संध्याकाळी फिरलात, आइस्क्रीम खाल्लंत, तो हाच धक्का. ९ सप्टेंबर हा त्या शहराचा मुक्तिदिन आहे. ग्रीसमध्ये याच घटनांना नुसतं 'कातास्त्रोफी' म्हणतात, सर्वनाश. ज्या दिवशी एका शहरात झेंडे लागतात, त्याच आठवणीसाठी समुद्रापलीकडे मेणबत्त्या लागतात.

मग आली अदलाबदल. ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये करार झाला, की तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ग्रीसला जातील आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात. मर्जीचा प्रश्न नव्हता, सक्ती होती. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स माणसं ग्रीसमध्ये आली, त्यांतली बहुतेक कराराआधीच जीव घेऊन पळालेली. साडेतीन लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९२८ मध्ये ग्रीसमधला दर पाचवा माणूस निर्वासित होता. निकष फक्त धर्म. त्यामुळे मध्य तुर्कस्तानातल्या कापादोकियाचे ऑर्थोडॉक्स, ज्यांना तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, ते 'ग्रीक' ठरून ग्रीसला गेले. क्रीटचे मुसलमान, जे घरात ग्रीक बोलायचे, ते 'तुर्क' ठरून तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालिकला आले. अथेन्समधल्या माझ्या एका गाइड मैत्रिणीची आजी अशीच कापादोकियातून आलेली. नव्या देशात तिला शेजारी 'तुर्काची पैदास' म्हणायचे. आयवालिकच्या क्रीटवाल्यांना तिकडे 'अर्धे काफिर' म्हणत.

तुर्कीत या अदलाबदलीला 'मुबादेले' म्हणतात. आपला 'मोबदला' त्याच अरबी शब्दातून आला आहे. हे ग्रुपला सांगितलं की बस एकदम शांत होते.

फेथियेजवळ कायाकोय नावाचं रिकामं गाव आहे, ग्रीकांचं लेविसी. टेकडीवर शेकडो दगडी घरं, छप्पर एकावरही नाही. एका वर्षी ग्रुपमध्ये उल्हासनगरचे एक सिंधी काका होते, मराठी आपल्यासारखंच बोलणारे. फाळणीत शिकारपूरहून आले तेव्हा सात वर्षांचे. बाकीचे फोटो काढत होते, ते एका घरात शिरून चुलीच्या कोनाड्यापाशी उभे राहिले. मी हाक मारली तर म्हणाले, "आईने किल्ली शेजारच्या मावशीकडे दिली होती. परत येऊ म्हणून. यांनी कुणाकडे दिली असेल?" अथेन्समध्ये निआ स्मिर्नी, निआ इओनिया अशी निर्वासितांनी वसवलेली उपनगरं आहेत: नवं स्मर्ना, नवं आयोनिया. काकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य अशाच एका कॅम्पच्या शहरात गेलं होतं.

तेव्हा बाबांच्या तुलनेकडे वळते. ती अर्धी बरोबर आहे, आणि बाबांना वाटते त्याहून जवळची आहे. १९४० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान'मध्ये ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरियाच्या लोकसंख्या-अदलाबदलीचा दाखला दिला होता. म्हणजे आपल्या फाळणीच्या चर्चेत लोझान आधीच हजर होतं. फरक असा, की तिकडे पळापळीनंतर का होईना, अदलाबदलीचा करार झाला; आपल्याकडे तसा करार नव्हता, ती नुसती रक्तपातातून झाली. दुसरा फरक अधिक मोठा. १९२२ नंतर या दोन देशांत थेट युद्ध झालेलं नाही, आणि १९५२ पासून दोघंही नाटोत आहेत, एकाच दिवशी आत आलेले.

अदलाबदलीतून काही लोक वगळले होते: इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेस भागातले मुसलमान. इम्ब्रोस आणि तेनेदोस या बेटांवरच्या ग्रीकांनाही राहू दिलं. कागदावर समतोल साधला. पुढे दोन देशांचं बिनसलं की ही माणसं ओलीस व्हायची. ६ सप्टेंबर १९५५ ला बातमी पसरली, की थेसालोनिकीत अतातुर्कच्या जन्मघरात बॉम्ब फुटला. त्या रात्री इस्तंबूलमध्ये ग्रीकांची हजारो दुकानं, घरं, चर्चं फोडली गेली. तुम्ही ज्या इस्तिकलाल रस्त्यावर खरेदी केली, तो त्या रात्री फाटलेल्या कापडांनी आणि काचांनी भरला होता. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना हाकललं. त्यांच्याबरोबर त्यांची तुर्की नागरिक असलेली कुटुंबंही गेली. एके काळी लाखावर असलेला समाज आज दोन-तीन हजारांवर आला आहे. थ्रेसमधल्या मुसलमानांनीही ग्रीक सरकारच्या हातून जमीन, परवाने, नागरिकत्व यांबाबत बरंच सोसलं, पण त्यांची वस्ती टिकली. हे दुःख दोन्हीकडे सारख्या मापाचं होतं असं मी म्हणणार नाही. इस्तंबूलचे रूम जवळजवळ संपले.

सायप्रस हे ग्रीक आणि तुर्क अशा दोन्ही समाजांचं बेट. त्याबद्दल बोलताना सुरुवातीचं वर्ष कोणतं धरलंय हे नक्की बघा. ग्रीक सायप्रियट १९७४ पासून बोलतो: २० जुलैला तुर्की सैन्य उतरलं, बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला, दीड लाखाहून जास्त माणसं घर सोडून दक्षिणेला गेली. तुर्की सायप्रियट १९६३ पासून बोलतो: डिसेंबरमध्ये हल्ले झाले, आणि पुढची दहा वर्षं आम्ही कोंडलेल्या वस्त्यांत काढली. मध्ये १५ जुलै १९७४ आहे. त्या दिवशी अथेन्सच्या लष्करी राजवटीने सायप्रसचे अध्यक्ष मकारिओस यांना उलथवलं आणि तुर्कस्तानला आत यायला कारण दिलं. दोन्ही पक्ष या तारखेवरून भरकन पुढे जातात. आपल्याला या बेटाचं सोयरसुतक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख असताना जनरल थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसच्या राजधानीत, निकोसियातच वारले, आणि १९७४ च्या त्या उन्हाळ्यात प्रमुख होते भारताचेच प्रेम चंद.

दोन देशांमधल्या एजियन समुद्राचा वाद तांत्रिक आहे, लवकर सांगते. बेटं बहुतेक ग्रीसची, पूर्वेचा किनारा तुर्कस्तानचा. सागरी हद्द सध्या सहा मैल. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बारा करायचा हक्क आहे, असं ग्रीस म्हणतो. तसं केलंत तर युद्धाचं कारण समजू, असं तुर्की संसदेने १९९५ मध्ये ठरवलं. जानेवारी १९९६ मध्ये इमिया, म्हणजे तुर्कांचं कार्दाक, या दोन निर्मनुष्य खडकांवरून दोन्ही आरमारं समोरासमोर आली. ग्रीक हेलिकॉप्टर पडून तीन अधिकारी गेले.

एवढं ऐकून तुमच्या आईला वाटेल की हे कधी मिटणारच नाही. तसं नाही. ज्या ग्रीक पंतप्रधान व्हेनिझेलोसने १९१९ मध्ये सैन्य पाठवलं होतं, तोच १९३० मध्ये अंकाराला जाऊन तह करून आला. १९३४ मध्ये त्याने अतातुर्कचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवलं. नाझी ताब्यातल्या ग्रीसमध्ये दुष्काळ पडला तेव्हा 'कुर्तुलुश' हे तुर्की जहाज धान्य घेऊन गेलं. १७ ऑगस्ट १९९९ ला भूकंपाने तुर्कस्तानातलं इझमित शहर हादरलं, हजारो गेले, आणि ग्रीक बचावपथकं धावली. तीन आठवड्यांनी अथेन्सला भूकंप झाला, आणि तुर्की पथक ढिगारे उपसत होतं. इझमीरचा माझा ड्रायव्हर ते दिवस सांगताना आजही थांबतो. २०२० मध्ये इस्तंबूलची आया सोफिया, मूळचं ऑर्थोडॉक्स चर्च, पुन्हा मशीद झाली तेव्हा ग्रीसमध्ये लोक फार दुखावले. तरीही २०२३ च्या भूकंपात ग्रीक पथक पुन्हा तुर्कस्तानात होतं. २०२४ मध्ये तर काही ग्रीक बेटांवर तुर्की नागरिकांना बंदरातच सात दिवसांचा व्हिसा मिळू लागला.

कुणाला काय विचारावं हे समोरच्या माणसावर अवलंबून आहे. आयवालिकच्या हॉटेलवाल्याला क्रीटबद्दल विचारा, तो आजीची भाजी सांगेल, कदाचित ग्रीक गाणंही म्हणेल. निकोसियात मात्र कुणी आपणहून बोलेपर्यंत थांबा, तिथे घर गमावलेली माणसं हयात आहेत. लष्करी सेवा करून आलेला तरुण वेगळं बोलेल, आणि इस्तंबूलचा म्हातारा रूम बहुधा काहीच बोलणार नाही. आणि कुणालाही "तुमचं सगळं सारखंच तर आहे" म्हणू नका. दोल्मा, बकलावा, दही-काकडी दोन्हीकडे आहे हे त्यांना आपल्याहून नीट माहीत आहे. एका वर्षी मी हेच वाक्य कौतुकाने बोलले होते. समोरच्या बाई म्हणाल्या, "सारखं होतं, तरी आजोबांना घर सोडावं लागलं." त्यानंतर मी ते कधी म्हटलं नाही.

कॉफीचं असं, की ग्रीसमध्येही पूर्वी तिला 'तुर्कीकोस'च म्हणायचे. १९७४ नंतर 'एलिनिकोस' हे नाव सगळीकडे रुळलं. म्हणजे बाबांना दुरुस्त करताना वेटरच्या मनात, त्याला कळत असो वा नसो, सायप्रस होतं. पुढच्या वेळी अथेन्सला 'एलिनिको, मेट्रिओ' मागा आणि इस्तंबूलला 'तुर्क काहवेसी, ओर्ता'. दोन्ही वेळा मध्यम साखरेची, गाळ खाली बसलेली कॉफी येईल. शेवटचा घोट मात्र बाबांना सोडायला सांगा.